पाणसळ

बूथ क्रमांक एकशे त्रेचाळीस. कल शून्य पूर्णांक दोन.
खानापूर तालुक्यात इतकं सरळ दुसरं काही नसेल,
रस्ता नाही, विजेचा खांब नाही,
भाताच्या व्यापाऱ्याचा काटा तर नाहीच.

काय मोजूलालीस गे, अप्पांनी विचारलं.
सोपं आहे, म्हटलं.
गावानं कुणाला किती टक्के दिले ते घ्यायचं,
त्यातून अख्ख्या राज्यानं दिलेले वजा करायचे.
लाट असेल तर ती सगळ्यांच्याच दारात आली,
ती वजा.
उरतो तो गावाचा स्वतःचा कल.

अप्पा चहात खारी बुडवत होते.
चाळीस वर्षं लोकांच्या भिंती उभ्या केल्यात त्यांनी,
सिमेंटनं बोटांच्या रेषा खाल्ल्यात.
म्हणाले, अख्ख्या म्हंजे कुठल्या राज्यानं?

कर्नाटक, मी म्हणाले.
पण जरा थांबून.
तेवढ्यात खारी तुटून चहात बुडाली.

ओळंबा कुठनं सोडतीस
त्यावर हाय सगळं, ते म्हणाले
आणि चमच्यानं खारी शोधू लागले.

ऑफिसात महांतेशला विचारलं, कलाला कन्नडात काय?
ओलवु.
ओलवु म्हणजे प्रेमसुद्धा, तो म्हणाला, आणि उगाच लाजला.
मला त्यात ओलावा ऐकू आला.
रकान्याच्या डोक्यावर मी तिन्हीपैकी काहीच लिहिलं नाही,
नुसती एक आडवी रेघ ओढली,
डावीकडे वजा, उजवीकडे अधिक.

शून्य बघायला म्हणून मग गावात गेले.
एकाच आवारात दोन शाळा, दोन पाट्या, नळ एक.
कळलं ते असं:
मागल्या खेपेपर्यंत इथं बूथ दोन होते.
एका शाळेचं छप्पर गळायला लागलं
आणि वरल्या गल्लीची रांग खालच्या गल्लीच्या रांगेला जोडली.
जुने फॉर्म वीस काढून पाहिले.
वरली गल्ली अधिक एकतीस.
खालची वजा तीस.
म्हणजे माझं शून्य गळक्या कौलांतून पडलेलं.

लक्काप्पा कुंभार आवाराच्या भिंतीला टेकून बसलेला.
कौलं कन्नडात मोजतो,
एखादं फुटलं की शिवी मराठीत.
तुमचा कल कुणीकडे, असं कुणी विचारत नाही, मलाही जमलं नाही.
तोच म्हणाला, बाई, मी आमच्या बोलीला मत द्यायचो.
मग पोरगीचं जात प्रमाणपत्र अडलं, ते ज्यानं काढून दिलं त्याला दिलं.
आता बोलीवाले बोलत नाहीत, आणि तो फोन उचलत नाही.

बोलीला दिलेलं मत माझ्या तक्त्यात
'इतर' खाली पडतं.
अपक्ष, रद्द झालेली चिठ्ठी, कुणीच नको म्हणणारे,
सगळे त्या एका रकान्यात दाटीवाटीनं,
शेवटच्या एसटीत बसल्यासारखे.
रेघ डावीउजवीकडे जाते,
हे लोक तिच्यातून खाली उतरून गेलेत,
किती खोल, ते वजाबाकीत येत नाही.

रात्री अप्पांना सांगितलं.
ते म्हणाले, दोन कललेल्या भिंती एकमेकींवर टेकल्या
तर घर उभं ऱ्हातंय की.
मग म्हणाले, ऱ्हातंय म्हंजे, काही वर्षं.

उठले, खुंटीवरच्या पिशवीतून पाणसळ काढली,
माझ्या टेबलावर ठेवली, कॉम्प्युटरच्या शेजारी.
बुडबुडा सरकत सरकत खिडकीच्या बाजूला जाऊन बसला.
चार वर्षं मी याच टेबलावर
तीन तालुक्यांचे कल काढत होते.

अप्पांनी पायाखाली घालायला कागद मागितला.
जो हाताला लागला तो दिला, चार घड्या घालून.
बुडबुडा मधे आला.
कुठल्या बूथचा होता,
ते बघायला आता टेबल उचलावं लागेल.